पिसातले माझे तीन तंतू

मी कवळ्या करतो. म्हणजे दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि मी लातुरात माझ्या दहा बाय बाराच्या लॅबमध्ये बसून त्या मापाचे दात घडवतो. ‘लॅब’ हा शब्द माझा. घरचे ‘दाताचं दुकान’ म्हणतात. तीस वर्षं हेच केल्यामुळं लग्नाच्या पंगतीत माझं लक्ष जिलबीकडं कमी आणि समोरच्याच्या सुळ्यांकडं जास्त असतं. एका बाजूचा सुळा पडलेला दिसला की दुसऱ्या बाजूचा बघून मी तो मनातल्या मनात बसवूनही टाकतो. ही खोड घरात कुणाच्या उपयोगाची नव्हती, पण कुणाचं नुकसानही करत नव्हती. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी.

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची नांदेडहून आली. थोरल्या बहिणीची, म्हणजे अक्काची, एकुलती एक मुलगी. ती दगडांमध्ये पीएच.डी. करते. आमच्याकडं मामानं भाचीच्या पाया पडायचं असतं. ती दोन वर्षांची असल्यापासून मी पडत आलोय. तेव्हा ती माझ्या टाळूवर ओलं बिस्कीट ठेवायची, आता नुसतं “पुरे मामा” म्हणते. तर मी वाकलो, उठलो, आणि तिनं बुटाच्या खोक्यातून कापसात गुंडाळलेला एक करडा दगड काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला.

“मामा, तुमचा हात लागतो मला.”

नायगावकडं कुणाच्या तरी शेतात विहीर खोदून राहिले होते, तिथल्या मलब्यात तिला तो मिळाला होता. हातोडीचा हलका टोला बसला आणि दगड पुस्तक उघडावं तसा मधोमध उघडला, दोन पानं झाली. एक पान तिनं आपल्याकडं ठेवलं होतं, दुसरं माझ्यासमोर होतं. त्यावर एका कोपऱ्यातून करंगळीच्या नखाएवढी काळपट रेघ डोकावत होती. बाकीची दगडाखाली.

“आपल्याकडं लाव्हाचे थर साचलेत एकावर एक. दोन थरांच्या मधल्या काळात तळी होती, त्यांचा हा चिखल. दोन ट्रॅपच्या मधला.”

“ट्रॅप?” बायको पोळी लाटता लाटता थांबली. “कोण सापडलं ओ? तलाठी का?”

आमच्याकडं ट्रॅप म्हणजे लाचलुचपतवाल्यांचा. भाची हसून हसून बेजार झाली. मग तिनं समजावलं, की त्या खडकाचं नावच तसं, आणि तिकडच्या कुठल्याशा भाषेत त्याचा अर्थ पायरी. आपले डोंगर पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात म्हणून. बायकोनं मान हलवली, पण तेव्हापासून माझ्या त्या कामाला घरात ‘ट्रॅप’च म्हणायचे. भाचीनं फोनवर “मामा कुठायत?” विचारलं की बायको म्हणायची, “ट्रॅपमधी बसलेत.” तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं.

भाचीला वाटत होतं की ती रेघ पिसाची आहे. पाखराच्या नव्हे, डायनासोरच्या. मी डायनासोर म्हणजे रबरी पाल समजत होतो. तिनं सांगितलं की कित्येकांच्या अंगावर पिसं होती, दुसऱ्या देशांत दगडांतून ती केसाच्या बारकाईनं मोकळी केलेली आहेत. “आपल्या या दगडात माझ्या माहितीत तरी अजून न्हाई निघालं. निघालं तर...” तिच्या डोळ्यांत सगळी पीएच.डी. दिसत होती. “आणि न्हाई निघालं तर पान असंल कशाचंतरी. केळीचं पण असंल. त्या काळी केळी होती.”

“अर्धापूरची?” मी विचारलं. अक्काचं सासर अर्धापूरचं आहे, केळ्यांसाठी नावाजलेलं गाव. या विनोदाला कुणी हसलं नाही.

जाताना तिनं मला तीन गोष्टी शिकवल्या. कवळ्या घासायचं माझं मशीन, मायक्रोमोटर, फक्त वरच्या जाड दगडाला. काळी रेघ दिसली की मोटर बंद, नुसती सुई, भिंगाखाली, एकेक कण. दुसरं, ठिसूळ भागाला धरून ठेवायला साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे ॲसिटोनमध्ये विरघळवून ते पाणी ब्रशनं थेंब थेंब सोडायचं. ते पुन्हा ॲसिटोननं काढता येतं. आणि तिसरं तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं:

“मामा, लावलेलं काढता येतंय. काढलेलं लावता येत न्हाई. दगड जिथं गप होईल तिथं तुम्ही गप व्हायचं.”

मी म्हटलं, “मी गप बसणारा माणूस दिसतो का तुला?” बायको आतून म्हणाली, “न्हाई.”

तर लातूरचा उन्हाळा, शटर अर्धं खाली, आणि पंखा बंद, कारण पंख्यानं धूळ उडते आणि उडालेला कण म्हणजे कदाचित सहा-साडेसहा कोटी वर्षांचं काहीतरी. दुपारी जेवण झालं की दोन-अडीच तास मी भिंगावर डोळा लावून बसायचो. श्वास नाकातून, तोही तिरका. घाम भुवईवर येऊन थांबायचा आणि मी त्याला मनात विनवायचो, बाबा, डावीकडं पड. मान वळवता येत नाही, हात उचलता येत नाही, खाजवता येत नाही. भिंगाच्या गोलात फक्त करडा दगड. असं वाटायचं की तळ्यातल्या चिखलात ते पीस अडकलं तसाच मी या खोलीत अडकलो आहे आणि काही कोटी वर्षांनी कुणी सुई घेऊन मला मोकळं करील. आधी त्याला माझं पोट लागेल.

पण आठवडाभरात मधली काडी निघाली. खरंच निघाली! बारीक, किंचित वाकलेली, करंगळीएवढी. मग तिच्या डाव्या बाजूला तिरके तंतू दिसायला लागले, एकापाठोपाठ एक, वाऱ्यानं फाटलेल्या केळीच्या पानासारखे. तीस वर्षांत माझ्या हातून खोटे दात पुष्कळ झाले, खरं असं काही पहिल्यांदाच उजेडात येत होतं. त्या आनंदात मी एकदा बायकोला शटरखालून वाकून आत यायला लावलं आणि भिंग दाखवलं. ती म्हणाली, “मला तर केसच दिसतंय तुमचं.” भिंगावर खरंच एक केस पडला होता.

उजव्या बाजूचे तंतूही निघाले, पण टोकाजवळ तीन जागी नव्हते. डावीकडं होते, उजवीकडं दगड नुसता सपाट. सुई फिरवली. काही नाही. अजून जरा फिरवली.

आता हे मला नीट सांगायला हवं. मुद्दाम केलं का? नाही. हात थांबला का? तोही नाही. डावीकडं बघून उजवीकडचं करायचं हे माझ्या बोटांना माझ्याआधी कळतं. मी समजत होतो की मी तंतू शोधतोय. सुई मात्र त्याच तिरक्या वळणानं, तेवढ्याच अंतरावर, रेघ ओढत होती. एक. मग दोन. मग तीन. वर साबुदाण्याचं पाणी सोडलं तेव्हा ब्रशला लागलेली काळी भुकटी त्या रेघांत उतरून बसली, आणि भिंगात बघितलं तर पीस पूर्ण झालेलं. दोन्ही बाजू सारख्या. आणि मला काय वाटलं? बरं वाटलं. कवळी बसली की वाटतं तसं. मी हात धुतले आणि चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगाखाली बघितलं तेव्हा त्या तीन रेघांच्या कडा चकाकत होत्या. बाकीच्या तंतूंच्या नव्हत्या. साबुदाण्याचं पाणी काढता आलं असतं, पण त्याखाली आता चर होते. लावलेलं काढता येतंय. काढलेलं...

त्याच दिवशी भाची आली. तिला फोनवर आदल्या संध्याकाळीच फोटो गेला होता. बायकोनं पाठवला होता, ‘ट्रॅप फत्ते’ असं लिहून. भाचीनं भिंगाला डोळा लावला आणि तंतू मोजले. मग सरळ माझ्याच पाया पडली. भाची मामाच्या! मी मागं सरकलो तर ॲसिटोनची बाटली पडली, खोलीभर वास, बायको ओरडली, आणि त्या गोंधळात जे सांगायचं होतं ते राहून गेलं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे बाटली उचलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तीन वेळा सांगून झालं असतं.

दगड खोक्यात गेला, खोकं नांदेडला गेलं. तिच्या सरांना ती पुढच्या सोमवारी दाखवणार होती. सर मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघणार, मग ते बाहेर कळवणार. म्हणजे माझ्याकडं आठ दिवस होते. सोमवारी सरांना ते चर दिसले असते तर त्यांनी एका कवळीवाल्या मामाचा विचार केला नसता. मुलीनं पीस कोरलं, असाच केला असता. आणि दिसले नसते तर ते आणखी वाईट. माझे तीन तंतू तिच्या नावानं जगभर फिरले असते.

पहिले तीन-चार दिवस घरात माझं भलतंच कौतुक झालं. अक्कानं नांदेडहून फोन केला, “माझ्या भावानं पीस काढलं म्हणून मी अख्ख्या गल्लीला सांगितलं रे!” गल्लीला काढलेलं पीस म्हणजे काय वाटलं असेल ते असो. बायकोचा आवाज गोड झाला. मला भाकरीवर लोणी मिळायला लागलं. मी ते निमूट खायचो. दोनदा भाचीला फोन लावला. पहिल्यांदा ती म्हणाली, “मामा, तुम्हाला सांगते, ते टोकाजवळचं तर इतकं स्वच्छ निघालंय!” मी म्हटलं, “हो का,” आणि पाऊसपाण्याचं विचारलं. एप्रिलमध्ये. दुसऱ्यांदा अक्कानं उचलला.

चौथ्या दिवशी आमचे उस्ताद दुकानात आले. मूळचे नांदेडचे, लातुरात लेकाकडं राहतात. मला दाताचं काम त्यांनीच शिकवलं. आता हात थरथरतो म्हणून काम करत नाहीत, पण दर शुक्रवारी नमाजानंतर येतात, स्टुलावर बसतात आणि माझ्या कामाला नावं ठेवतात. मी त्यांना चाचा म्हणतो. बायकोनं डबा आणला होता, तिनं कौतुकानं फोनवरचा फोटो त्यांच्यापुढं धरला.

“चाचा, बघा तरी, ह्यांनी दगडातून काय काढलं! करोडो वर्षांचं पीस.”

चाचांनी चष्मा कपाळावर नेला, फोन नाकाशी आणला. बोटांनी फोटो मोठा करता येतो हे त्यांना नातवानं शिकवलंय. बराच वेळ ते मोठं-लहान करत बसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

“माशाल्ला. हे इतकं तर खुदाचं हाय. आणि हे तीन तुझं हाय.”

बायको म्हणाली, “म्हंजे?”

“म्हंजे काय म्हंजे. मी ह्याला मेणात सुळा कोरायला शिकवला. शेवटाला सुरी डावीकडं मुरडतो. किती मारलं, गेली न्हाई खोड. हे बघ, एक, दोन, तीन. मुरडली.”

मग ते माझ्या डब्यातलं पिठलं खात राहिले, जणू हवामान सांगितलं. बायको माझ्याकडं बघत होती. मी भिंग पुसत होतो. भिंग स्वच्छ होतं.

“चाचा,” मी शेवटी म्हटलं, “चुकून झालं.”

“हौ. मला का सांगून राहिलास? माझं पीस थोडंच हाय ते.”

ते गेले. बायकोनं डबा आवरला, झाकण लावलं, आणि दारात थांबून म्हणाली, “रविवारी सकाळच्या गाडीनं जावा.” लोणी त्या संध्याकाळपासून बंद झालं.

लातूर-नांदेड एसटीत मला खिडकीकडची जागा मिळाली आणि शेजारी दोन पोत्यांसह एक आजोबा. पोती माझ्या गुडघ्यांवर, आजोबा माझ्या खांद्यावर, खिडकी उघडत नव्हती. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. ‘बाई, एक सांगायचं होतं.’ ‘बाई, ते टोकाजवळचं आहे ना.’ आजोबांनी जागं होऊन विचारलं, “काय म्हन्लाव?” मी मोठ्यानं बोलत होतो.

अक्काच्या घरी पोचलो तर समोरच्या खोलीत सात-आठ शेजारणी. मला बघायला! अक्कानं पुरणपोळ्या केल्या होत्या. टेबलावर अर्धापूरच्या केळ्यांचा घड, आणि त्याच्या शेजारी, एका स्टीलच्या ताटात, कापसावर, दगड. कुणीतरी विचारलं, “पीस मऊ लागतं का ओ?” कुणी म्हणालं, “ते पाखरू हिरीत पडलं असंल.” माझ्या हातात ताट आलं, ताटात पोळी आली, पोळीवर तूप आलं. भाची समोर उभी, चेहरा उजळलेला, आणि तिच्यापर्यंत पोचायला वाटेत पाटांवर बसलेल्या पाच बायका. एकांत म्हणून मिळेना. दिवस होता रविवार.

मग मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, तेवढी एकच गोष्ट होती जी मी सगळ्यांसमोर तिच्याजवळ जाऊन करू शकत होतो आणि कुणी काही विचारलं नसतं. मी ताट ठेवलं, बायकांमधून वाट काढली आणि भाचीच्या पायांवर वाकलो. वाकलो आणि तिथूनच, तिच्या पावलांकडं बघत, हळू म्हटलं:

“टोकाजवळचे उजवीकडचे तीन दगडात नव्हते, बाई. मी कोरलेत.”

तिच्या पायाची बोटं आखडली, एवढंच मला दिसलं. मी उठायला गेलो आणि कमरेत अशी चमक भरली, की मी तसाच राहिलो. अर्ध्यात. महिनाभर भिंगावर वाकल्याचं फळ. अक्का कौतुकानं शेजारणींना म्हणाली, “बघा, किती मानतो भाचीला. उठून न्हाई राहिला.”

“मामा, वर या.”

“येता येईना.”

तिनं आणि अक्कानं धरून मला तसाच वाकडा आतल्या खोलीत नेला, पलंगावर आडवा केला. अक्का बाम आणायला गेली. भाची बाहेर जाऊन ताटातला दगड घेऊन आली आणि दार लोटलं. टेबलावरचा दिवा तिनं दगडाच्या बाजूनं असा आडवा धरला, की सगळ्या रेघांची सावली पडली.

“कोणते?”

मी पडल्या पडल्या बोट दाखवलं. तीन सावल्या बाकीच्यांपेक्षा खोल होत्या. एकदा कळल्यावर ते डाव्या हाताच्या अक्षरासारखं दिसत होतं. तिनं भिंग लावलं. बाहेर शेजारणी पुरणाचं बोलत होत्या.

“मी म्हणून राहिले होते की डावी-उजवी इतकी सारखी आहे,” ती म्हणाली, “म्हणजे हे पान न्हाई, पीसच आहे. त्याच तिन्हींवर मी सगळं उभं केलं, मामा. लिहून काढलंय मी ते.” तिचा आवाज वाढला नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. “आठवडा होत आला. तुम्ही फोनवर पावसाचं विचारत होता.”

“भीती वाटली.”

“कशाची? मी काय तुम्हाला खाणार होते?”

“तू पाया पडलीस ना त्या दिवशी.”

मी म्हटलं, सरांना माझं नाव सांग, मी उद्या कॉलेजात येतो, वाकडा का होईना. ती म्हणाली, “तुमच्या नावानं काय होतंय. मला विचारतील तेव्हा मीच उभी असणारे.” मग तिनं दगडाचा मोठा छापलेला फोटो काढला, लाल पेननं माझे तीन तंतू गोलात घेतले आणि बाजूला लिहिलं: ‘हे नैसर्गिक नाहीत. मोकळं करताना सुईने झालेले. मोजणीत धरू नयेत.’ सुईनं झालेले. मामानं केलेले असं तिनं लिहिलं नाही.

मग ती कपाटापाशी गेली आणि कापसातून दुसरं पान काढलं, त्याच दगडाचं. ते अजून झाकलेलंच होतं. माझ्या पानावर जे असेल त्याचा ठसा तिथंही असणार, आणि जिथं मी कोरलं त्या समोरची जागा तिथं कुणी शिवलेली नव्हती. तिनं ते टेबलावर ठेवलं, सुई काढली, भिंग लावलं.

“सर सकाळी अकराला येतात. पुरा होणार न्हाई, तेवढं टोक बघून घेऊ.” आणि मग, मला वाटलं होतं की ती म्हणेल तुम्ही झोपा, तर ती म्हणाली, “तुम्ही बसा. माझा हात अजून जड पडतो.”

“मी? आता?”

“हो. मी तंतू मोजते. मी ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं.”

अक्का बाम घेऊन आली तेव्हा तिचा भाऊ पलंगाच्या कडेला उशीला टेकवून बसवलेला, डोळा भिंगाला, आणि भाची त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून उभी. नाडी बघतात तशी. अक्कानं माझा सदरा मागून वर केला आणि बाम चोळायला लागली. “हलवू नको गं आई,” भाची म्हणाली. मग अक्काही हळू चोळायला लागली.

दगड सुटत गेला. काडी आली, तिथंही होती. एका बाजूचे तंतू आले, काही पुसट. मग टोकाजवळची ती जागा. एक कण, आणखी एक कण. सपाट दगड. माझ्या बोटांना त्या जागी तिरकं वळण दिसत होतं, डोळ्याला नाही, बोटांना, आणि सुई किंचित मुरडायला लागली तेव्हा मनगटावरची दोन बोटं दाबली गेली.

“थांबा.”

मी थांबलो. तीस वर्षांत अर्धवट दात मी कधी टेबलावर सोडला नव्हता. तिथं काहीच नव्हतं. ते न भरता तसंच ठेवायला मला जेवढी ताकद लागली तेवढी अख्खं पीस काढायला लागली नव्हती.

सोमवारी सरांनी काय म्हटलं ते भाचीनं फोनवर सांगितलं: पीस म्हणता येणार नाही, पान नाही असंही म्हणता येणार नाही, आणखी तुकडे शोधा, आणि लाल गोल काढलेत ते चांगलं केलंत. पुन्हा नायगावला जायचं आहे तिला. पहिला दगड तिच्या कपाटात आहे, लाल गोलाच्या फोटोसकट. तो तिला टाकता येत नाही आणि दाखवताही येत नाही. माझे तीन तंतू आता तिथंच राहणार, आणि ते माझेच आहेत हे लिहून ठेवलेलं राहणार. दुसरा दगड अजून निम्मा झाकलेला आहे आणि दर महिन्याला दोन दिवस तो लातूरला येतो, भाचीसकट. मी सुई धरतो, ती मनगट धरते. चाचा स्टुलावर बसून माझी मुरड बघतात आणि बायको शटरखालून वाकून विचारते, “काही सापडलं का ट्रॅपमधी?”

“मीच,” मी म्हणतो, आणि भाची म्हणते, “बोलू नका, हात हलतो.”